सुरक्षित बोगद्यातून टपाल : अडथळा शोधावा कसा?

कार्यालयीन पत्रव्यवहाराचा फार मोठा भाग आज ई-मेलद्वारे चालतो. निविदा, मंजुरीचे आदेश, न्यायालयीन सूचना, परीक्षांची वेळापत्रके अशी कितीतरी महत्त्वाची पत्रे कागदावर उतरण्यापूर्वीच संगणकाच्या पडद्यावर पोहोचलेली असतात. त्यातच मार्च २०२० मधील देशव्यापी टाळेबंदीपासून घरून अथवा दौऱ्यावरून कार्यालयाचे काम करण्याची पद्धत अनेक संस्थांत रुळली. असे काम करताना संस्थेचा ई-मेल सर्व्हर गाठण्यासाठी ‘व्हीपीएन’ या सुरक्षित जोडणीचा आधार घेतला जातो. आणि नेमक्या येथेच एक तक्रार वारंवार ऐकू येते : “व्हीपीएन जोडले गेले आहे असे दिसते, परंतु ई-मेल काही उघडत नाही.”

ही तक्रार वरवर तांत्रिक वाटली, तरी तिचे परिणाम केवळ तांत्रिक नसतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम १३ प्रमाणे, उभय पक्षांत अन्यथा ठरले नसेल तर, प्राप्तकर्त्याने नेमून दिलेल्या संगणक-साधनात इलेक्ट्रॉनिक अभिलेख दाखल झाला की तो त्यास मिळाला असे मानले जाते. म्हणजे पत्र संस्थेच्या सर्व्हरवर येऊन पडले आणि संबंधित अधिकाऱ्यास ते बोगद्यातील अडथळ्यामुळे उघडता आले नाही, तर केवळ तेवढ्यावरून ‘पत्र मिळालेच नाही’ असे म्हणणे अवघड होते. उलटपक्षी, पाठविणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरील संगणक-साधनात अभिलेख शिरला म्हणजेच तो रवाना झाला असे हाच कायदा मानतो. साहजिकच, आपल्या संगणकातील ‘आउटबॉक्स’मध्ये अडकून राहिलेले उत्तर मुदतीत पाठविले असे म्हणता येत नाही. यास्तव हा अडथळा कोठे व कसा शोधावा, याची माहिती केवळ संगणक विभागापुरती न राहता प्रत्येक कर्मचाऱ्यास असणे हिताचे आहे.

बोगद्याची आवश्यकता

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतील ‘अर्पानेट’ या जाळ्यावर एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला संदेश पाठविला. पत्र पाठविण्याचे ‘एसएमटीपी’ हे नियम १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले, तर सर्व्हरवरील पत्रे तेथेच ठेवून वाचण्याची ‘आयमॅप’ ही पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८६ मध्ये तयार केली. त्या काळी जाळ्यावरील संगणक मोजके व परस्परांच्या ओळखीचे होते. परिणामी या नियमांत मजकूर गुप्त ठेवण्याची सोय मुळात नव्हती. ती नंतर जोडण्यात आली.

आज परिस्थिती सर्वस्वी भिन्न आहे. मायक्रोसॉफ्टने २ मार्च २०२१ रोजी आपल्या ‘एक्स्चेंज’ या ई-मेल सर्व्हरमधील चार गंभीर त्रुटींवरील दुरुस्त्या प्रसिद्ध केल्या, त्यावेळी जगभरातील अनेक संस्थांचे सर्व्हर हल्लेखोरांच्या तावडीत सापडलेले होते. इंटरनेटवरून कोणालाही थेट गाठता येणारे सर्व्हर या हल्ल्याचे लक्ष्य ठरले. सर्व्हर व्हीपीएनच्या मागे ठेवल्यास या हल्ल्याची पहिली पायरी रोखता येते, असे मायक्रोसॉफ्टनेच त्यावेळी स्पष्ट केले होते. अर्थात त्यामुळे दुरुस्त्या बसविण्याची गरज टळत नाही, हेही सांगितले होते.

व्हीपीएन म्हणजे सार्वजनिक इंटरनेटमधून काढलेला खाजगी बोगदा होय. कर्मचाऱ्याच्या संगणकातून निघालेला मजकूर सांकेतिक रूपात गुंडाळला जातो, संस्थेच्या प्रवेशद्वारावर उलगडला जातो आणि तेथून आतील सर्व्हरकडे जातो. बाहेरच्यास बोगद्याचे तोंड दिसते. आत काय चालले आहे हे दिसत नाही.

प्रवासाचे सहा टप्पे

ई-मेल उघडण्यासाठी संगणकाला एकामागून एक सहा टप्पे पार करावे लागतात. पहिला, बोगदा प्रत्यक्षात सुरू होणे. दुसरा, सर्व्हरच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता मिळणे. तिसरा, त्या पत्त्याकडे जाणारी व तेथून परतणारी वाट असणे. चौथा, सर्व्हरवरील योग्य खिडकी उघडी असणे. पाचवा, सर्व्हरची ओळख पटणे. आणि सहावा, वापरकर्त्याची ओळख पटणे. यांपैकी कोणताही एक टप्पा निकामी झाला, तरी पडद्यावर बहुधा ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही’ एवढेच मोघम वाक्य उमटते. म्हणून टप्पे क्रमाने तपासावेत आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा या कामातील पहिला नियम समजावा. चार ठिकाणी एकाच वेळी फेरफार केल्यास जोडणी सुरू झाली, तरी दोष कशात होता हे कळत नाही, आणि तो पुन्हा उद्भवल्यास सारे काम पहिल्यापासून करावे लागते.

बोगदा सुरू आहे काय?

‘कनेक्टेड’ ही हिरवी खूण दिसली म्हणजे बोगदा सुरू झाला, असे नेहमीच नसते. २०२० मध्ये लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात समाविष्ट झालेल्या ‘वायरगार्ड’ या व्हीपीएनची जोडणी चालू केली की ती ‘सक्रिय’ दिसते. मात्र समोरच्या टोकाशी हस्तांदोलन झाले की नाही, हे वेगळे पाहावे लागते. शेवटचे हस्तांदोलन केव्हा झाले आणि किती माहिती आत आली, हे आकडे तेथेच दिलेले असतात. ‘आलेली माहिती’ शून्य असल्यास बोगद्याचे दुसरे तोंड उघडलेलेच नाही असे समजावे.

वायरगार्ड ‘यूडीपी’ या पद्धतीने चालतो. ‘ओपनव्हीपीएन’ही सामान्यतः त्याच पद्धतीने व बहुधा ११९४ क्रमांकाच्या पोर्टवरून चालतो. काही उपाहारगृहे, वसतिगृहे व संस्था यांच्या वायफायवर अशी वाहतूक रोखलेली असते. अशा वेळी भ्रमणध्वनीच्या इंटरनेटवर जोडणी करून पाहावी. तेथे बोगदा सुरू झाल्यास दोष त्या वायफायचा, हे निश्चित होते.

नावावरून पत्ता

माणसे सर्व्हरला नावाने ओळखतात, तर संगणक त्याला अंकांनी ओळखतो. नावाचे रूपांतर अंकांत करणारी ‘डीएनएस’ ही व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. अनेक संस्थांत एकाच नावाला दोन पत्ते दिलेले असतात : बाहेरील जगासाठी एक आणि संस्थेच्या आत दुसरा. व्हीपीएन जोडल्यावर संगणकाने संस्थेच्या आतील डीएनएसला विचारणे अपेक्षित असते. तो घरच्या राउटरलाच विचारत राहिला, तर त्यास बाहेरील पत्ता मिळतो किंवा ‘असे नाव अस्तित्वात नाही’ असे उत्तर येते.

याची तपासणी सोपी आहे. ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा व तिच्यापुढे सर्व्हरचे पूर्ण नाव दिले की कोणी उत्तर दिले व कोणता पत्ता सांगितला, या दोन्ही बाबी दिसतात. नावाऐवजी अंकी पत्ता ई-मेल प्रोग्रॅममध्ये लिहिण्याची तात्पुरती युक्ती काही जण सुचवितात. परीक्षेपुरती ती ठीक आहे. परंतु कायम उपाय म्हणून ती वापरू नये. तसे केल्याने पुढे ओळखपत्राच्या टप्प्यावर नाव जुळत नाही, आणि सर्व्हरचा पत्ता बदलल्यास जोडणी पुन्हा तुटते.

वाट आणि परतीची वाट

सर्वांत अधिक गोंधळ या तिसऱ्या टप्प्यावर होतो. खाजगी जाळ्यांसाठी अंकी पत्त्यांचे तीन गट राखून ठेवण्यात आले असून, १९९६ च्या प्रमाण दस्तऐवजात त्यांची नोंद आहे : १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते कोणीही वापरू शकतो. म्हणूनच ते दोन ठिकाणी सारखे असू शकतात.

उदाहरणादाखल असे समजू या की, एका संस्थेचे कार्यालय पुणे येथे असून तेथील ई-मेल सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.१० आहे. तिचा एक कर्मचारी सोलापूर येथील घरून काम करीत असून त्याच्या घरच्या राउटरनेही १९२.१६८.१ याच मालिकेतील पत्ते वाटलेले आहेत. आता सर्व्हरचा पत्ता पाहून संगणकास तो शेजारच्या खोलीत असल्यासारखे वाटते. तो पत्र बोगद्यात न टाकता घरातच शोध घेत बसतो. बोगदा उत्तम चालू असतो, नावाचा पत्ताही अचूक मिळालेला असतो आणि तरीही सर्व्हर सापडत नाही. हाच कर्मचारी भ्रमणध्वनीच्या इंटरनेटवर गेला, की बहुधा पत्त्यांची वेगळी मालिका मिळते व ई-मेल लगेच उघडतो. अशा अनुभवावरून पत्त्यांच्या टकरीचा संशय धरावा. घरच्या राउटरची मालिका बदलणे हा त्यावरील वैयक्तिक उपाय होय. संस्थेने आपल्या जाळ्यासाठी घराघरांत आढळणारी मालिका न वापरणे हा खरा उपाय होय.

दुसरी बाब विभागलेल्या वाटेची. अनेक संस्था बोगद्यातून केवळ कार्यालयीन वाहतूक नेतात व उर्वरित इंटरनेट थेट ठेवतात. अशा वेळी कोणते पत्ते बोगद्यात घालावयाचे, याची यादी दिलेली असते. त्या यादीत ई-मेल सर्व्हर नसेल, तर त्याच्याकडे जाणारा मजकूर बाहेरच्या रस्त्याला लागतो.

तिसरी बाब परतीच्या वाटेची. व्हीपीएनमधून येणाऱ्यांना बहुधा वेगळ्या मालिकेतील पत्ते दिले जातात. त्या मालिकेकडे जाणारी वाट सर्व्हरला ठाऊक नसेल, अथवा सर्व्हरवरील फायरवॉल केवळ कार्यालयातील मालिकेलाच प्रवेश देत असेल, तर विनंती पोहोचूनही उत्तर परतत नाही. हा दोष कर्मचाऱ्यास दूर करता येत नाही. मात्र ‘कार्यालयात चालते, व्हीपीएनवर कोणाचेच चालत नाही’ एवढे त्याने कळविले, तरी व्यवस्थापकाचे निम्मे काम होते.

खिडकी उघडी आहे काय?

टपाल कार्यालयात बचत खात्याची खिडकी वेगळी आणि पत्रांची वेगळी असते. तद्वतच सर्व्हरवर प्रत्येक सेवेचा क्रमांक वेगळा असतो. संगणकाच्या परिभाषेत त्यास ‘पोर्ट’ म्हणतात. आयमॅपसाठी १४३ आणि ९९३, पॉपसाठी ११० आणि ९९५, तर पत्र पाठविण्यासाठी ४६५ आणि ५८७ हे क्रमांक आहेत. यांपैकी ९९३, ९९५ व ४६५ या खिडक्यांवर पहिल्या शब्दापासूनच सांकेतिक संभाषण होते आणि २०१८ पासून प्रमाण दस्तऐवजात त्यांचीच शिफारस आहे. २५ क्रमांकाची खिडकी एका सर्व्हरने दुसऱ्यास पत्रे देण्यासाठी आहे. कर्मचाऱ्याच्या संगणकाने ती वापरू नये. अनेक इंटरनेट सेवादार ती बंदही ठेवतात.

विंडोज प्रणालीतील ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ या आज्ञेने सर्व्हरचे नाव व पोर्टचा क्रमांक देऊन खिडकी तपासता येते. मिळणाऱ्या उत्तराच्या स्वरूपाला फार महत्त्व आहे. बराच वेळ वाट पाहून ‘मुदत संपली’ असे आले, तर मजकूर वाटेत कोठेतरी गडप होत आहे. वाट किंवा फायरवॉल तपासावी. ‘जोडणी नाकारली’ असे तत्काळ आले, तर मजकूर बहुधा सर्व्हरपर्यंत पोहोचला आहे, परंतु त्या खिडकीवर कोणी बसलेले नाही. सेवा बंद आहे किंवा क्रमांक चुकीचा आहे. केवळ ‘पिंग’ला उत्तर मिळाले नाही म्हणून सर्व्हर बंद आहे असा निष्कर्ष काढू नये, कारण सुरक्षेसाठी पिंग पुष्कळदा मुद्दाम बंद ठेवलेले असते.

लहान पत्रे येतात, मोठी अडकतात

काही वेळा पत्रांची यादी दिसते, चार ओळींचे पत्रही उघडते. परंतु जोडपत्र असलेले पत्र अर्ध्यावर थांबते. हे लक्षण पाकिटाच्या आकाराशी निगडित असते. सामान्य इथरनेट जाळ्यावर एका पाकिटात १,५०० बाइट माहिती मावते. व्हीपीएन प्रत्येक पाकिटाला स्वतःचे वेष्टन घालते. वायरगार्डच्या बाबतीत हे वेष्टन जुन्या पत्तापद्धतीत ६० व नव्या पद्धतीत ८० बाइटांचे असते. म्हणून त्याची मर्यादा सामान्यतः १,४२० बाइट ठेवलेली असते. वाटेतील एखाद्या जाळ्याची मर्यादा याहून लहान असली आणि ‘पाकीट मोठे आहे’ हा परतीचा निरोप एखाद्या फायरवॉलने अडविला, तर मोठी पाकिटे निमूटपणे नष्ट होतात. ही मर्यादा, म्हणजेच ‘एमटीयू’, तात्पुरती १,२८० पर्यंत उतरवून पाहावी. मोठी पत्रे उघडू लागल्यास निदान पक्के झाले. नंतर योग्य आकडा व्यवस्थापकाने ठरवावा.

सर्व्हरचे ओळखपत्र

खिडकीवर पोहोचल्यावर सर्व्हर आपले डिजिटल ओळखपत्र दाखवितो. त्यावरील नाव आपण लिहिलेल्या नावाशी जुळले पाहिजे, मुदत संपलेली नसावी आणि ते देणारी संस्था विश्वासार्ह असावी. यांपैकी काही बिनसले की इशारा येतो. पुष्कळदा कारण साधे असते : संगणकाचे घड्याळ वा तारीख चुकलेली असते किंवा सर्व्हरचे नाव अपूर्ण लिहिलेले असते. कधी जुना ई-मेल प्रोग्रॅम केवळ ‘टीएलएस’च्या १.० वा १.१ या आवृत्त्या जाणतो. या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतरीत्या कालबाह्य ठरविण्यात आल्याने नवे सर्व्हर त्या स्वीकारत नाहीत.

घाईच्या वेळी ‘तरीही पुढे जा’ हे बटन दाबण्याचा मोह होतो. तो टाळावा. समोरचा सर्व्हर आपलाच आहे याची खात्री देणारी हीच तपासणी आहे. ती वगळल्यास आपला परवलीचा शब्द कोणाच्या हाती पडेल हे सांगता येत नाही. संस्थेने स्वतःच तयार केलेले ओळखपत्र वापरले असेल, तर ते संगणकात रीतसर बसवून घ्यावे.

वापरकर्त्याची ओळख

व्हीपीएनचा व ई-मेलचा परवलीचा शब्द पुष्कळदा वेगवेगळे असतात. काही सर्व्हरना पूर्ण ई-मेल पत्ता लागतो, तर काहींना केवळ नाव. मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्स्चेंज ऑनलाइन’ या सेवेत, केवळ नाव व परवलीचा शब्द देऊन आत जाण्याची जुनी पद्धत ऑक्टोबर २०२२ पासून बंद करण्यास आरंभ झाला; त्यामुळे जुने प्रोग्रॅम तेथे अचूक शब्द देऊनही नाकारले जातात.

एक प्रकार विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कर्मचारी परवलीचा शब्द संगणकावर बदलतो, पण भ्रमणध्वनीवर जुनाच राहतो. भ्रमणध्वनी दर काही मिनिटांनी जुन्या शब्दाने दार ठोठावतो व सर्व्हर त्यास हल्लेखोर समजून तो पत्ताच अडवितो. व्हीपीएनमधून येणारे सर्व कर्मचारी सर्व्हरला एकाच पत्त्यावरून येताना दिसत असतील, तर एका भ्रमणध्वनीपायी सर्वांचे टपाल बंद पडते. सर्वांची जोडणी एकाच वेळी अचानक थांबल्यास व्यवस्थापकाने ही शक्यता प्रथम पडताळावी.

पत्रे येतात, परंतु जात नाहीत

येणाऱ्या व जाणाऱ्या पत्रांची व्यवस्था स्वतंत्र असल्याने एक चालू व दुसरी बंद असू शकते. सर्व्हरने दिलेला तीन अंकी क्रमांक येथे उपयोगी पडतो. ४ ने सुरू होणारा क्रमांक तात्पुरती अडचण सांगतो; प्रोग्रॅम पुन्हा प्रयत्न करतो. ५ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे नकार. ५३५ म्हणजे ओळख पटली नाही. ५५० अथवा ५५४ यासह ‘रिले’ हा शब्द आल्यास, ओळख न देता बाहेरील पत्त्यावर पत्र पाठविण्याचा प्रयत्न झाला असे बहुधा समजावे. जाणाऱ्या पत्रांच्या मांडणीतही नाव व परवलीचा शब्द देण्याचा पर्याय निवडलेला आहे ना, हे पाहावे.

जोडणी काही वेळाने तुटत असल्यास कारण निराळे असते. नवे पत्र येताच कळावे म्हणून आयमॅप जोडणी दीर्घकाळ उघडी राहते; परंतु घरचा राउटर शांत जोडणी विसरून जातो. वायरगार्डमध्ये दर २५ सेकंदांनी एक लहानसा संदेश पाठविण्याची सोय आहे. ती चालू केल्याने हा त्रास बहुधा थांबतो.

तक्रार कशी लिहावी?

‘ई-मेल चालत नाही’ या तीन शब्दांच्या तक्रारीने कोणाचेच काम सोपे होत नाही. दोष केव्हापासून आहे, इशाऱ्याचे नेमके शब्द व क्रमांक काय, कोणत्या इंटरनेटवरून प्रयत्न केला, दुसऱ्या इंटरनेटवर काय झाले, सहकाऱ्याचे चालते काय आणि वरीलपैकी कोणत्या टप्प्यापर्यंत सर्व ठीक आढळले, एवढे नमूद करावे. परवलीचा शब्द मात्र तक्रारीत लिहू नये, व कोणी दूरध्वनीवर विचारल्यास सांगू नये.

दुरुस्तीस विलंब लागणार असेल, तर मुदतीचे पत्र बोगद्याच्या भरवशावर ठेवू नये. कार्यालयातील सहकाऱ्यास दूरध्वनी करून आलेले टपाल पाहण्यास सांगावे आणि उत्तर त्याच्याकडून अधिकृत खात्यातून रवाना करवावे. कार्यालयीन पत्र खाजगी ई-मेल खात्यावरून धाडणे, ओळखपत्राची तपासणी बंद करणे किंवा ‘तेवढ्यापुरता’ सर्व्हर सर्व जगास खुला करणे, हे तिन्ही मार्ग क्षणिक सोयीचे व कायमच्या धोक्याचे आहेत. सर्व्हरवर केवळ कार्यालयाची पत्रेच नसतात. नागरिकांनी विश्वासाने दिलेली माहितीही तेथे असते. सहा टप्पे क्रमाने तपासण्यास फारसा वेळ लागत नाही. तो वेळ देण्याची सवय प्रत्येक कार्यालयाने लावून घेतल्यास पत्रही वेळेवर पोहोचेल आणि त्यातील मजकूरही सुरक्षित राहील.